जाणत्या मुलांसह सागरसफर : पूर्वतयारीचा विचार

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र लाभलेला नाही. सह्याद्रीची रांग ओलांडून आंबेनळी, कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरल्यावाचून खाऱ्या पाण्याचे दर्शन आपल्याला घडत नाही, आणि त्यामुळेच इकडच्या घरांतून सहलीचा विषय निघाला म्हणजे तो महाबळेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली अशा ठरलेल्या वाटांनी फिरून पुन्हा मूळ जागी येतो. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही प्रवासी नौका मुंबई बंदरातून गोवा, लक्षद्वीप व कोची या दिशांना जाऊ लागली, तेव्हापासून क्रूझ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बोलण्यात आला. आणि ज्या घरी आठवी-नववीतली मुलगी व अकरावी-बारावीतला मुलगा आहे, त्या घरी तो बहुधा मुलांच्याच तोंडून प्रथम ऐकू आला, असा माझा अनुभव आहे. अशा घरांतील आईबापांसाठी हा लेख आहे.

लहान मुलाला घेऊन निघालेल्या कुटुंबाचे प्रश्न दूध, झोप आणि औषध यांपुरते मर्यादित असतात. मूल नेले तेथे येते व दाखविले ते पाहते. तेरा वर्षांपुढील मुलाची गोष्ट अगदी वेगळी असते. त्याला स्वतःचे मत असते, आईवडिलांसमवेत चारचौघांत वावरण्याचा काहीसा संकोच असतो, आणि दिवसाचे चोवीस तास घरच्यांच्या नजरेखाली काढणे त्याला मनापासून जड जाते. जमिनीवरील सहलीत या ओढाताणीला तोड निघत नाही, कारण परक्या शहरात मुलाला एकटे सोडण्याची कोणाचीच छाती होत नाही. नौकेवर मात्र ती तोड निघू शकते. चहूबाजूंनी पाणी असलेल्या, प्रवेशद्वारी नावनिशीवार नोंद होणाऱ्या आणि चालून चालून दहा-पंधरा मिनिटांत ओलांडता येणाऱ्या जागेत मुलाला काही तासांची खरीखुरी मोकळीक देता येते, आणि तिचे नियम आधी नीट बांधून ठेवले असतील तर ती निर्धोकपणे देता येते. सफरीची आखणी करताना केबिन, भाडे व बंदरे यांच्या तपशिलात गढून जाऊन हा मुख्य हेतू नजरेआड होऊ नये, एवढेच मला आग्रहाने सांगावयाचे आहे. पुढील सर्व सूचना त्या हेतूला धरून आहेत.

म्हणून पहिली तजवीज ही, की बेत ठरवून मग मुलांना कळविण्याऐवजी मुलांना बसवून बेत ठरवावा आणि प्रत्येकाकडे एकेक खाते पुरते सोपवावे. मोठ्याकडे कागदपत्रांचे दप्तर, धाकट्याकडे जमाखर्च, आणि दोघांत मिळून मार्गाचा अभ्यास, अशी वाटणी सोयीची पडते. मार्गाच्या अभ्यासावर मी थोडा रेंगाळतो, कारण आपल्या प्रांताच्या मुलांसाठी त्यात पुष्कळ द्रव्य आहे. १७१३-१४ च्या सुमारास कान्होजी आंग्रे शाहू छत्रपतींच्या पक्षाला मिळाले, आणि मुंबई ते गोवा हा सारा किनारा ज्यांच्या आरमाराच्या धाकात होता, ते सरखेल साताऱ्याच्या गादीचे सेवक झाले; ही गोष्ट साताऱ्यात वाढलेल्या मुलाला ठाऊक असेलच असे नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत आपला प्रतापगड आहे, आणि मुंबईहून गोव्याकडे जाताना डाव्या हाताला राहणारे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हेही आहेत. नौका किनाऱ्यापासून बरीच दूर आणि मुख्यतः रात्री जात असल्यामुळे हे किल्ले प्रत्यक्ष दिसतील अशी आशा धरू नये; तथापि हवा स्वच्छ असेल तर दीपगृहांचे झोत दिसू शकतात, आणि प्रत्येक दीपगृहाचा प्रकाश ठराविक सेकंदांच्या अंतराने लुकलुकत असल्याने, घड्याळ हाती धरून ते अंतर मोजणाऱ्या मुलाला आपण कोणत्या दीपगृहासमोर आहोत हे ओळखता येते. त्यासाठी दीपगृहांची यादी व नकाशा घरूनच उतरवून न्यावा. मोबाईलमध्ये नकाशा आधी साठवून ठेवला असेल तर समुद्रात नेटवर्क नसतानाही उपग्रहाच्या आधारे नौकेचे स्थान त्यावर दिसते, ही युक्ती मुलांना फार आवडते.

मुहूर्त परीक्षांच्या वेळापत्रकावरून काढावा लागतो. मुंबईहून निघणाऱ्या सफरी पावसाळ्यात बंद असतात, त्या काळात नौका पूर्व किनाऱ्याकडे वळते, आणि आपल्याकडचा समुद्र नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत सर्वांत शांत असतो. दिवाळीच्या सुट्टीचा उत्तरार्ध हा त्यामुळे उत्तम काळ; त्या सुमारास भाडी चढलेली असतात हे खरे, पण दोन-तीन महिने आधी आरक्षण केले तर ती आवाक्यात राहतात. दहावीच्या विद्यार्थ्याला न्यावयाचे असेल तर मार्चमध्ये शालान्त परीक्षा संपताच निघावे. बारावीचे तसे नाही. मंडळाच्या परीक्षेमागोमाग जेईई, सीईटी व नीट यांची रांग लागलेली असते, आणि डोक्यावर परीक्षा घेऊन डेकवर बसलेल्या मुलाला व त्याच्या घरच्यांना कसलेच सुख लागत नाही. अशा वर्षी सफर पुढे ढकललेली बरी. मे महिन्याच्या अखेरीस वारे फिरू लागतात, तेव्हा तोही पंधरवडा टाळावा. शक्य असल्यास शनिवार-रविवार सोडून आठवड्याच्या मधली सफर घ्यावी, कारण सुट्टीच्या रात्री नौकेवर तरुण मंडळींच्या जल्लोषाची गर्दी असते आणि कुटुंबांना हवा असणारा निवांतपणा तिच्यात हरवतो.

कोणती सफर घ्यावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे : पहिल्या खेपेस मुंबई-गोवा-मुंबई ही दोन-तीन रात्रींची सफर पुरे. त्याआधी मुलांच्या कल्पनेतील चित्र मात्र वास्तवाला आणून भिडवावे. त्यांनी मोबाईलवर पाहिलेली असते ती ‘आयकॉन ऑफ द सीज’सारखी, २०२४ मध्ये सेवेत आलेली, वीस मजल्यांची व सुमारे अडीच लाख टनांची नौका, ‘एम्प्रेस’ ही १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, अठ्ठेचाळीस हजार टनांच्या आसपासची नौका आहे. पोहण्याचा तलाव, चढाईची भिंत, नाट्यगृह, खेळ हे सर्व तिच्यावर आहे, पण ते आपल्या मापाने आहे. हे आधी दाखवून ठेवले म्हणजे पायरी चढताक्षणीच मुलांचा हिरमोड होत नाही.

लक्षद्वीपला जाणारी लांब सफर निसर्गाची आवड असणाऱ्या मुलांसाठी फार मोलाची आहे. प्रवाळाची बेटे आणि तळ दिसेल असे खाजणाचे निळे-हिरवे पाणी आपल्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर सहसा पाहावयास मिळत नाही. कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाचीही ‘समुद्रम्’ ही पाच दिवसांची सफर निघते आणि ती कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय ही बेटे दाखविते. तेथे चैनीपेक्षा बेटांवर भर आहे, आणि मला विचाराल तर पंधरा-सोळा वर्षांच्या जिज्ञासू मुलासाठी मी तीच निवडीन. लक्षद्वीपमध्ये बाहेरच्या भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो, तो सफरीच्या आयोजकामार्फत मिळणार की स्वतः काढावयाचा याची लेखी खात्री करून घ्यावी. या बेटांजवळ मोठी नौका धक्क्याला लागत नाही. भर पाण्यात नांगर टाकून प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. लाट असेल त्या दिवशी उतरणे रद्दही होते. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा विचार येथे आधी करावा.

परदेशी सफरींपैकी सिंगापूरची सफर आपल्याकडून अधिक केली जाते. तेथे एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही : नौका सिंगापुराहून मलेशिया किंवा थायलंडकडे जाऊन पुन्हा सिंगापुरास येते, म्हणजे आपण त्या देशात दोनदा प्रवेश करतो, तेव्हा व्हिसा अनेक प्रवेशांचा असला पाहिजे. युरोपच्या सफरीतही मार्गात शेंगेनबाहेरचे बंदर असेल तर हीच दक्षता घ्यावी लागते.

कागदपत्रांचे काम मुलाकडे सोपविले तरी तपासणी आपणच करावी. देशांतर्गत सफरीला प्रत्येकाचे, अठरा वर्षांखालील मुलांचेसुद्धा, छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र लागते. आधारवरील नाव, तिकिटावरील नाव आणि जन्मतारीख ही अक्षरशः जुळली पाहिजेत. परदेशी जाताना सर्वांत अधिक घोटाळा होतो तो मुलांच्या पासपोर्टात, कारण अज्ञान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांतील जो काळ आधी संपेल तेवढाच असतो. पंधरा वर्षांपुढील मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागण्याची मुभा आहे. आईवडिलांचे पासपोर्ट चालू आहेत एवढ्यावर विसंबून राहणाऱ्यांना मुलाची मुदत सरल्याचे ऐन वेळी समजते. परतीच्या तारखेपुढे निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी. सातारा व सांगली येथे टपाल कचेरीतच पासपोर्ट सेवा केंद्रे असल्याने या कामासाठी पुण्यास खेपा घालण्याचे आता कारण उरलेले नाही. भाचा-पुतण्या बरोबर असेल, किंवा आईवडिलांपैकी एकच जण मुलांबरोबर जाणार असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र नोटरीकडून साक्षांकित करून जवळ बाळगावे.

सफरीपूर्वी पाण्यावरची एक रंगीत तालीम अवश्य करावी, आणि तिच्यासाठी सातारकरांना फार दूर जावे लागत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोली किंवा तापोळ्याहून लाँच मिळते. वासोट्याच्या पायथ्यापर्यंतचा तासा-सव्वातासाचा प्रवास त्यासाठी पुरेसा आहे. लाँच सुरू होताच इंजिनाचा थरकाप फळ्यांतून तळपायाला जाणवू लागतो, डिझेलचा वास येतो, वाऱ्याबरोबर मधूनच पाण्याचे तुषार अंगावर उडतात, आणि नारिंगी जीवरक्षक जाकीट गळ्याशी घट्ट वाटू लागल्याने मुलांचा हात हळूच त्याच्या पट्ट्याकडे जातो. नेमके त्या वेळी, तो पट्टा सैल करावयाचा नाही आणि बोट चालू असताना उठून एका बाजूला जावयाचे नाही, हे सांगावे; घरी सांगितलेल्यापेक्षा ते शतपट ठसते. जलाशयाचे पाणी संथ असल्याने पोटाची परीक्षा मात्र येथे होत नाही. ती करावयाची असेल तर मुंबईच्या एखाद्या फेरीत भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या, २०२० पासून चालू असलेल्या रो-रो बोटीने जाऊन यावे. सांगली-वाईकडची कित्येक मुले कृष्णेच्या डोहात पोहायला शिकलेली असतात आणि त्यांना पाण्याची भीती वाटत नाही. हे भूषणच आहे. तरी नदीत पोहणाऱ्याला समुद्राच्या ओढीचा अंदाज नसतो, आणि नौकेवरील तलावापाशी जीवरक्षक असेलच असेही नाही, या दोन गोष्टी अशा मुलांच्या मनावर विशेषेकरून बिंबवाव्यात.

केबिनच्या बाबतीत चार माणसांनी एकाच खोलीत राहणे स्वस्त पडते. दोन खाटा खाली आणि दोन भिंतीतून उघडणाऱ्या वर, अशी तिची मांडणी असते. पण चौघांपैकी दोघे उंचीने बापाला भिडलेले असतील आणि स्नानगृह एकच असेल तर दुसऱ्याच सकाळी कुरबुरी सुरू होतात. माझ्या मते बाल्कनीच्या एका महागड्या केबिनपेक्षा शेजारशेजारच्या किंवा समोरासमोरच्या दोन साध्या केबिन घ्याव्यात; एकीत आई व मुलगी, दुसरीत वडील व मुलगा. प्रत्येक केबिनमध्ये एक सज्ञान व्यक्ती असावी असा नियम कंपन्यांचा बहुधा असतोच. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी नौकेच्या मध्यभागातील खालच्या मजल्यावरची केबिन मागून घ्यावी, कारण हेलकावा तेथे सर्वांत कमी जाणवतो.

आता मोकळिकीचे नियम. ते निघण्यापूर्वी घरी कागदावर लिहून काढावेत, मुलांशी वाद घालून ठरवावेत, आणि एकदा ठरले म्हणजे दोन्ही पक्षांनी पाळावेत. माझ्या मसुद्यात पुढील कलमे असतील : रात्रीचे जेवण सर्वांनी एकाच टेबलावर घ्यावे; दुपारी व संध्याकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी भेट द्यावी; कोठे जातो ते केबिनमधील चिठ्ठीवर लिहून जावे; कोणाही अनोळखी व्यक्तीच्या केबिनमध्ये, मग ती कितीही समवयस्क व स्नेहाळ असो, पाऊल टाकू नये आणि आपल्या केबिनचा क्रमांक कोणास सांगू नये; कठड्यावर चढू अथवा बसू नये, छायाचित्रासाठी तर मुळीच नाही; आणि रात्री ठरल्या वेळी परत यावे. ही वेळ किती असावी? चौदा वर्षांच्या मुलासाठी दहा आणि सतराच्यासाठी साडेअकरा मला रास्त वाटते. मुलगा व मुलगी यांच्या वेळांत भेद करू नये. केल्यास मुलीच्या मनात जो सल राहतो तो सफरीच्या आनंदाहून अधिक काळ टिकतो. नौकेवर मद्यालये व कॅसिनो असतात, तेथे अज्ञान मुलांना प्रवेश नसतो. तरी दुसऱ्या कोणी आग्रहाने पेला पुढे केला तर काय म्हणावयाचे, हा संवाद आईवडिलांनी मुलांशी न संकोचता आधीच करून ठेवावा. बदल्यात पालकांनीही एक बंधन पाळावे : मोकळ्या वेळात मुलांच्या मागोमाग जाऊ नये आणि मुलांच्या क्लबात डोकावू नये. मोठ्या नौकांवर साधारण बारा-तेरा ते सतरा या वयोगटासाठी स्वतंत्र कक्ष असतो. पहिल्या संध्याकाळच्या ओळखीच्या कार्यक्रमाला मूल गेले नाही तर पुढे टोळ्या जमलेल्या असतात व त्यांत शिरणे कठीण जाते, म्हणून त्या एका वेळेपुरता थोडा आग्रह करावा.

एका बाबतीत मात्र मोकळीक नाही. नौका निघण्याच्या सुमारास सर्व प्रवाशांची सुरक्षा-कवाईत होते : भोंग्याचे सात आखूड व एक लांब असे सूर वाजतात, प्रत्येकाने आपल्या कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जावयाचे असते, आणि जाकीट कसे बांधावे ते दाखविले जाते. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यानजीक ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ आडवी झाली तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांची ही कवाईत झालेली नव्हती, आणि त्यानंतर ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आपल्याला दूर जाण्याचीही गरज नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटांचे पाणी आत येताच भयभीत प्रवासी एका बाजूला धावले व बोट कलंडली, असे त्या दुर्घटनेचे वर्णन वाचलेल्यांना आठवेल. मुलांना ही हकीकत सांगावी. घाबरविण्यासाठी ती सांगावयाची नाही. संकटात कोणी कोठे जावयाचे हे आधी ठरलेले असणे म्हणजे काय, ते त्यांना समजावे म्हणून सांगावयाची. वेगवेगळ्या जागी असताना भोंगा झाला तर एकमेकांना शोधत फिरू नये, प्रत्येकाने थेट नेमलेल्या ठिकाणी यावे, हेही तेव्हाच पक्के करावे.

पैशाचा विषय धाकट्याच्या खात्यात टाकला आहे. तिकिटाच्या रकमेवर बंदरशुल्क, कर व सेवाशुल्क चढते. त्यात राहणे, मुख्य भोजनगृहातील जेवण व बहुतेक करमणूक येते, तर शीतपेये, इंटरनेट, छायाचित्रे, काही खेळ आणि बंदरावरील सहली यांचे पैसे वेगळे पडतात. नौकेवर रोख चालत नाही. प्रत्येकाच्या कार्डावर खर्च नोंदला जातो आणि अखेरीस कुटुंबप्रमुखाच्या नावे वसूल होतो. स्वागतकक्षात सांगून मुलांच्या कार्डावरील खरेदी बंद किंवा मर्यादित करता येते. पण ती पूर्ण बंद करण्यापेक्षा दररोजची एक ठराविक रक्कम नेमून देऊन हिशेब त्यालाच ठेवावयास लावणे मला अधिक हितकर वाटते. मोबाईल मात्र निघताच विमान-स्थितीत ठेवावा. समुद्रातील उपग्रह-नेटवर्कला फोन आपोआप जोडला गेला तर बिल थक्क करणारे येते. इंटरनेटचे पॅकेज सर्वांसाठी घेण्याची गरज नाही. घरी आजीला खुशाली कळविण्यापुरते एक पुरे.

आहाराची चिंता नको, शाकाहारी व जैन जेवणाची सोय आपल्याकडील नौकांवर असते. आरक्षणातच तशी नोंद करावी. घाटात ज्याला मळमळते त्याने गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. आल्याचा तुकडा, कोरडा फुटाणा, उघड्या डेकवरील वारा आणि क्षितिजावर स्थिर ठेवलेली नजर यांनीही पुष्कळांना उतार पडतो.

मुंबईस पोचण्यासाठी रात्री मिरज, सांगली, कराड, सातारा असे करीत सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सर्वांत सोयीची, कारण तेथून बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनल टॅक्सीने काही मिनिटांवर आहे आणि नौकेवर चढणे दुपारी सुरू होते. मोटारीने निघणाऱ्यांनी खंबाटकी व खंडाळा या घाटांतील खोळंब्याचा हिशेब धरावा. नौका कोणासाठी थांबत नाही, आणि हाच नियम गोव्यात उतरल्यावरही लागू असल्याने परत चढण्याच्या मुदतीआधी निदान तासभर बंदरात हजर राहावे. परदेशी सफरीसाठी मात्र आदल्या दिवशीच त्या शहरी मुक्कामास पोचावे. हातातल्या पिशवीत औषधे, ओळखपत्रे, पोहण्याचे कपडे व एक जोड कपडे ठेवावेत, कारण मोठे सामान केबिनपर्यंत यावयास संध्याकाळ होते.

शेवटच्या रात्री सामान दाराबाहेर ठेवण्यास सांगतात, आणि खर्चाचे बिल केबिनमधील पडद्यावर किंवा कागदावर मिळते. ते धाकट्याने आपल्या वहीशी ताडून पाहावे. न घेतलेल्या पेयाची किंवा दुबार नोंदलेल्या छायाचित्राची रक्कम निघाली तर वही घेऊन त्यानेच स्वागतकक्षात जावे व दुरुस्ती मागावी. आपण मागे उभे राहावे, पण बोलू त्याला द्यावे. सकाळी त्या खिडकीपुढे मोठी रांग लागते, म्हणून हे काम रात्रीच उरकावे.